जहाजाला माळ नसतो

प्लेगच्या गोष्टी मराठवाड्यातल्या घराघरांत अजून सांगितल्या जातात. गावात उंदीर पडू लागले की दाराला कडी घालायची, भांडीकुंडी अन् गुरं घेऊन माळावर नाहीतर वावरात जायचं आणि तुराट्यांची खोप घालून साथ ओसरेपर्यंत तिथंच राहायचं. रोग पिसवांमुळे होतो हे कुणाला ठाऊक नव्हतं, तरी उपाय बरोबर होता. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष व्हायच्या आत, ऑगस्ट १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामल्यात प्लेग पुन्हा दिसला, तेव्हा या आठवणी परत निघाल्या.

प्रवासी जहाजावर विषाणू शिरला की नेमकं हे पांगणंच जमत नाही.

‘क्वारंटाइन’ हा शब्द बंदरांतूनच आलेला. रागुसा, म्हणजे आजचं दुब्रोवनिक, इथं १३७७ साली नियम झाला की प्लेगच्या मुलखातून आलेल्यांनी आधी महिनाभर जवळच्या बेटावर किंवा ठरवून दिलेल्या दुसऱ्या गावी राहायचं. पुढं तीसाचे चाळीस दिवस झाले आणि इटालियनमधल्या चाळीसवरून नाव पडलं. म्हणजे रागुसानंही आलेल्यांना माळच दिला होता, फक्त तो समुद्रात होता.

जहाजांवर एरवी गाजतो तो नोरोव्हायरस. अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली उलट्या-जुलाबाची साथ आली, १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. थोडेसे कण पोटात गेले तरी माणूस आडवा होतो. सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबण-पाण्यानं हात चोळून धुवावे लागतात.

बुफेतला डाव डोळ्यांपुढं आणा. एका जेवणाला त्याच डावाला शेकडो हात लागतात. म्हणून साथ आली की जहाजावर आपल्या हातानं वाढून घेणं बंद होतं आणि कर्मचारी वाढू लागतात. थोडक्यात, पंगत! आमच्याकडे सप्ताहाच्या जेवणात वाढप्याखेरीज कुणी बादलीला हात लावत नाही, त्यामागं हा विचार असेलच असं नाही, पण पद्धत चांगली. अर्थात वाढपीच आजारी असला तर पंगतही वाचवत नाही.

अमेरिकेची सीडीसी ही संस्था १९७० च्या दशकापासून जहाजांच्या स्वच्छतेवर लक्ष ठेवते. प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना जुलाब-उलट्या झाल्या की तो उद्रेक ती जाहीर करते. जहाजं बदनाम होतात ती काही अंशी या मोजणीमुळं. नोरोव्हायरसचे बहुतेक उद्रेक जमिनीवरच होतात, पण लग्नातल्या जेवणावळीचा हिशेब ठेवतो कोण?

२०२० च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ जपानच्या योकोहामाला लागलं. हाँगकाँगला आधीच उतरलेला एक प्रवासी करोनाबाधित निघाला होता. जहाजावरच्या ३,७११ जणांना तिथंच विलग करायचं ठरलं. प्रवासी केबिनमध्ये बंद झाले, पण त्यांच्या दारात ताट पोहोचवायला कुणीतरी हवंच होतं. सुमारे हजारभर कर्मचारी काम करत राहिले आणि झोपायला पुन्हा सामायिक केबिनमध्ये जात राहिले. त्यांच्यातल्या पहिल्या २० बाधितांपैकी १५ जण जेवणखाण सांभाळणारे होते आणि १६ जण एकाच, तिसऱ्या मजल्यावर राहणारे. शेवटी बाधितांचा आकडा ७१२ वर गेला. विलगीकरणाची रेघ मारणाऱ्यांनी ताट नेणारा माणूस हिशेबात धरलाच नव्हता, असं माझं मत.

जहाजावर १३८ भारतीय होते. त्यातले १३२ कर्मचारी. हॉटेल मॅनेजमेंट शिकून बोटीवर गेलेली पोरं आपल्याकडंही आहेत. समुद्रापासून इतक्या लांब असूनही त्या दिवसांत जपानच्या बंदराची बातमी इथं उगीच पाहिली जात नव्हती. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानानं ११९ भारतीय दिल्लीला आले.

त्याच महिन्यात ‘वेस्टरडॅम’ नावाचं जहाज बंदरामागून बंदर फिरत होतं. जपान, तैवान, फिलिपिन्स, थायलंड, कुणीच उतरू देईना. पूर्वी पटकी आली की गावकरी मरीआईचा गाडा ओढत शिवेपार नेऊन सोडायचे, पुढचं गाव तो आणखी पुढं ढकलायचं. इथं गाड्यात माणसं होती. १३ फेब्रुवारीला कंबोडियानं जहाज घेतलं. इतकं फिरवल्यावर कळलं की जहाजावर साथ नव्हतीच.

दोन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, बीडकडचे ऊसतोड कामगार कारखान्यांवरून परतू लागले, तेव्हा गावांच्या तोंडाला काट्या आडव्या पडलेल्या होत्या. ढकलाढकली इथंही झाली. पण शिवेच्या आत शाळेच्या खोल्या होत्या, मोकळी वावरं होती. कोपीत राहायची सवय असलेली माणसं ती. त्यांनी शेतात बिऱ्हाड मांडलं आणि घरचा डबा बांधावर ठेवून माणूस मागं फिरायचा.