स्लाव बचाव

बुद्धिबळात पांढऱ्याने वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवून डाव सुरू केला, की काळ्याकडे जी भरवशाची उत्तरे आहेत त्यांत स्लाव बचाव फार वरचा. चाली अशा: १. डी४ डी५ २. सी४ सी६. (घराच्या नावात अक्षर म्हणजे ए ते एच यांतली उभी ओळ, आकडा म्हणजे पांढऱ्याकडून मोजलेली आडवी ओळ; नुसते घर लिहिले की प्याद्याची चाल, आधी पांढऱ्याची, मग काळ्याची.) अ‍ॅलेखाइन, बोगोल्युबोव, विडमार अशा स्लाव खेळाडूंच्या हातून तो रुळला, म्हणून हे नाव.

कोकणात वाडीभोवती जांभ्या दगडांचा गडगा घालतात. माती-चुना न लावता दगडावर दगड बसवलेला, आणि येण्याजाण्यापुरते बेडे ठेवलेले. सी६-डी५ ही प्याद्यांची जोडी अगदी तशी. डी५ला टेकू ई६च्या प्याद्यानेही देता येतो. पण मग सी८वरचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडतो. सी६ने टेकूही मिळतो आणि उंटाचे बेडेही उघडे राहते. त्याची किंमत बी८वरचा घोडा मोजतो, कारण सी६ हे त्याचे हक्काचे घर असते.

बेडे उघडे आहे म्हणून लगेच बाहेर पडायचे नाही. पावसाळ्यात पडवीत पट मांडून बसणारे नवखे इथेच फसतात. ३. घोडा एफ३, घोडा एफ६ ४. घोडा सी३ यानंतर उंट घाईने एफ५वर आला, की पांढरा डी५वर मारामारी करून वजीर बी३वर आणतो. उंट गेल्यामुळे बी७चे प्यादे उघडे पडलेले असते, डी५वरही दाब येतो. कित्येकदा उंट मुकाट्याने सी८वर परत न्यावा लागतो.

म्हणून आधी डी५च्या प्याद्याने सी४चे प्यादे मारायचे. सी४वर आलेले आपले प्यादे काळ्याने बी५ने राखू नये यासाठी पांढरा सहसा ५. ए४ खेळतो. आता उंट एफ५वर. प्यादे पांढऱ्याला परत मिळते, पण ए४मुळे बी४चे घर कायमचे दुबळे होते आणि काळ्याचा दुसरा उंट तिथे ठाण मांडतो. या बचावाचा खरा गोडवा मला इथे वाटतो.

पांढऱ्याने तिसऱ्याच चालीत डी५वर मारामारी केली, तर दोन्ही बाजू सारख्या होतात आणि डाव बहुधा शांत राहतो.

१९३५ आणि १९३७च्या अ‍ॅलेखाइन-यूवे जगज्जेतेपद लढतींत हा बचाव पुन्हापुन्हा खेळला गेला. २००६ साली क्रामनिक-टोपालोव लढतीतही.

सी६ला ई६ची जोड दिली की अर्ध-स्लाव होतो. २००८ साली बॉनमधल्या जगज्जेतेपद लढतीत विश्वनाथन आनंदने क्रामनिकविरुद्ध तिसरा आणि पाचवा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, तो याच मांडणीच्या मेरान प्रकारात. तिथे ई६मागे कोंडलेला उंट बी५ची चाल झाल्यावर बी७मार्गे खेळात उतरतो.