शिरीन काळ्या पाण्यात का न्हाते?

पर्शियन पोथीचित्रांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. बाराव्या शतकातला फारसी कवी निजामी याच्या 'खुसरो व शिरीन' या प्रेमकाव्यात, इराणचा राजपुत्र खुसरो न्हाणाऱ्या शिरीनला पहिल्यांदा पाहतो. इराणचा बादशहा शाह तहमास्प याच्यासाठी तबरीझ शहरात १५३९ ते १५४३ या काळात तयार झालेल्या पोथीत हा प्रसंग रंगवला आहे. पोथी आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि चित्रातला ओढा डांबरासारखा काळा दिसतो. कुणी म्हणतं, ही पुढच्या शोकांतिकेची चाहूल. ऐकायला छान आहे. पण चित्रकारानं काळा ओढा काढलाच नव्हता. त्यानं चांदी लावली होती.

चांदीचा वर्ख चिकट द्रावात बोटानं घोटायचा, धुवायचा, मग डिंकात कालवून कुंचल्यानं लावायचा. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू अगदी नावापुरता असला, तरी ऑक्सिजन आणि दमटपणाच्या साथीनं तो चांदीचं काळं सिल्व्हर सल्फाइड करतो. पैंजणही याच कारणानं काळे पडतात. नजर लागून नव्हे, आणि 'अंगातली उष्णता खेचून' तर नव्हेच.

मग पैंजण घासून उजळतात, ओढा का नाही? एक मिलिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. पृष्ठभाग ६ चौरस मिलिमीटर. त्याचेच एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या, बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग ६,००० चौरस मिलिमीटर! चांदी तेवढीच, गंधकाला चरायला कुरण मात्र हजारपट. पैंजणावर काळं पुट चढतं, खाली चांदी शाबूत असते. चित्रातली चांदी मात्र घोटून बारीक केलेली, तिचा कणच्या कण सल्फाइड होऊन बसतो. घासून खाली काय सापडणार? सोड्याच्या पाण्यात ॲल्युमिनियम फॉइल टाकून चांदी उजळायची घरगुती युक्तीही चालत नाही, कारण पाणी लागलं की डिंकच सुटतो. सोनं गंधकाला असं दाद देत नाही, म्हणून या पोथ्यांमधली सोनेरी आकाशं अजून झळाळतात.

चांदी निदान काळी पडून गप्प बसते. तांब्यावर व्हिनेगर चढवून केलेला जंगाल हा हिरवा रंग त्याहून वाईट: त्यातले तांब्याचे आयन (विद्युतभारित कण) कागद ज्याचा बनतो त्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात, हिरवळीखालचा कागद तपकिरी होऊन तुटतो. यावर पंधराव्या शतकातला इराणी सुलेखनकार सीमी नीशापुरी यानं उपाय लिहून ठेवलाय: जंगालात थोडं केशर घाला. आधुनिक चाचण्यांत केशर आम्लता आवरून धरतं असं दिसलं.