पिकअप 'कमजोर' नसतो: थेट रेकॉर्डिंगचा खुलासा

कॉम्प्युटरच्या माइक सॉकेटमध्ये इलेक्ट्रिक गिटार लावली की आवाज पातळ, घुसमटलेला येतो. 'पिकअप (तारांचं कंपन टिपून विजेचा सिग्नल बनवणारा चुंबक-कॉइलचा भाग) कमजोर आहे, बूस्टर बसवा,' हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. तो चुकीचा आहे. जोरात वाजवलं तर हंबकर (दोन कॉइलचा पिकअप) जवळपास एक व्होल्टपर्यंत जातो. माइक इनपुटसाठी ते उलट जास्तच. बूस्टरने फक्त आवाज फाटेल.

खरा घोळ इम्पीडन्सचा, म्हणजे सिग्नलला होणाऱ्या विद्युत विरोधाचा. पिकअपला पुढच्या इनपुटचा इम्पीडन्स सुमारे १ मेगाओहम लागतो, माइक इनपुट जेमतेम काही किलोओहमचा. त्या ओझ्याखाली ट्रेबल (वरचे, तीव्र सूर) मरतो.

गिटारमध्येच बदल करायचा तर व्हॉल्यूम पॉटनंतर (आवाजाच्या नॉबनंतर) युनिटी गेन बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पिकअपवरचं ओझं काढणारं सर्किट, बसवा: टीएल०७१ ही ऑप-अँप चिप, इनपुटला १ मेगाओहम, ९ व्होल्टची बॅटरी. जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीची काळी वायर रिंगला (जॅकच्या मधल्या संपर्काला) जोडा. मोनो प्लग आत गेला तरच सर्किट चालू होतं. केबल लावून ठेवलीत तर बॅटरी उतरलीच म्हणून समजा. बफर बसवल्यावर गिटारची केबल माइक सॉकेटमध्ये नाही, कॉम्प्युटरच्या लाइन-इन सॉकेटमध्ये लावा.

ऑडिओ इंटरफेसवर (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंगच्या डब्यावर) 'इन्स्ट्रुमेंट' इनपुट असेल तर गिटार उघडूच नका.