भोपाळचं पाणी: वायूच्या आधी सुरू झालेलं प्रदूषण

२०२५च्या जूनअखेर युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा मध्य प्रदेशातल्याच पिथमपूरच्या भट्टीत जळून संपला आणि भोपाळचं प्रकरण एकदाचं मिटलं, असा अनेकांचा समज झाला. पण हा कचरा म्हणजे २००५च्या सुमारास गोळा करून, पोत्यांत भरून गोदामात ठेवलेला माल. नागपूरची नीरी (पर्यावरण अभियांत्रिकी) आणि हैदराबादची एनजीआरआय (भूभौतिकी) या सरकारी संशोधन संस्थांनी २०१०च्या अहवालात तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. म्हणजे जळालं ते तीन हजारांत एक भागही नाही. भूजलात जे उतरतं ते या मातीतून.

भोपाळ म्हटलं की २ डिसेंबर १९८४ची रात्र आठवते. पाण्याची गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि वायुगळती झाली नसती तरी ती घडलीच असती. कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी शेतकरी जी कार्बारिल पावडर फवारत, तिचं कंपनीचं नाव सेव्हिन. सुरुवातीला तयार रसायन बाहेरून आणून इथे फक्त पावडर बनवत. सेव्हिनसाठी लागणारं मिथाइल आयसोसायनेट, म्हणजे १९८४ मध्ये गळलेला तोच विषारी वायू, इथेच तयार व्हायला लागलं ते १९८० पासून. पहिली काही वर्षं टाकाऊ माल आवारातल्याच खड्ड्यांत जाई. खड्ड्यांना ना अस्तर, ना तळ. १९७७ मध्ये कुंपणाबाहेर उत्तरेला मोठे तलाव खोदले, त्यात प्लास्टिक अंथरलं आणि सांडपाणी उन्हाने आटवायचं ठरलं. उन्हाळ्यात ते ठीक. भोपाळच्या पावसाळ्यात काय होणार, हे सांगायला अभियंता लागत नाही. १९८२ मध्ये भोपाळहून अमेरिकेतल्या मूळ कंपनीला गेलेल्या टेलेक्समध्ये तलावाची गळती थांबत नसल्याची चिंता आहे. हा कागद बाहेर आला तो पुढे न्यूयॉर्कच्या न्यायालयातल्या खटल्यामुळे.

त्याच खटल्यातला दुसरा कागद अधिक बोलका आहे. १९८९ मध्ये, म्हणजे वायुगळतीच्या भरपाईची ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली त्याच वर्षी, कंपनीने आवारातल्या मातीचे आणि पाण्याचे नमुने स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासले. मातीत नॅफ्थॉल आणि नॅफ्थॅलीन ही कारखान्यातली रसायनं सापडली, बहुतेक पाण्यात नॅफ्थॉल किंवा सेव्हिन. प्रत्येक नमुन्यात सोडलेले मासे झाडून सगळे मेले. कितीतरी पट पाणी मिसळल्यावरच त्यात मासा जगेल, अशी नोंद आहे. कारखान्याभोवतीच्या वस्त्यांतल्या लोकांना हे कुणी कळवलं नाही. ते हापसे मारत राहिले.

१९९७च्या अहवालात नीरीने बाहेरच्या विहिरींना धोका नसल्याचा निर्वाळा दिला. वरचा चिकणमातीचा थर जाड आहे, विष भूजलापर्यंत पोचायला २३ वर्षं लागतील, असा हिशेब होता. गंमत अशी की, कंपनीने नेमलेल्या अमेरिकी सल्लागारांनीच तो खोडला: परिस्थिती वाईट असेल तर दोन वर्षंही पुरेशी आहेत. १९९८ मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारच्या ताब्यात परत आली आणि १९९९ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या तपासणीत वस्त्यांच्या पाण्यात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड आणि डायक्लोरोबेंझीन निघालं. काही हापसे लाल रंगवून 'पिण्यायोग्य नाही' असं लिहिलं गेलं. दुसरं पाणीच नसल्याने बायका त्याच लाल हापशांवर हंडे भरत.

ही क्लोरीनयुक्त रसायनं पाण्याहून जड असतात. ती भूजलावर तरंगत नाहीत, खाली बुडत जातात, खडकाच्या भेगांत साचतात आणि तिथून वर्षानुवर्षं थोडी थोडी विरघळत राहतात. म्हणून नुसतं पाणी उपसून कोळशाच्या गाळणीतून काढल्याने भागत नाही. आधी मूळ खड्डे आणि माती उचलावी किंवा बंदिस्त करावी लागते, मग उपसा, तोही कित्येक वर्षं. खर्च प्रचंड, आणि तो कुणी करायचा इथेच गाडी अडली. मूळ कंपनीने १९९४ मध्ये भारतातले शेअर विकले, २००१ मध्ये ती डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीकडे गेली, आणि अमेरिकी न्यायालयांनी प्रदूषणाची जबाबदारी भारतीय उपकंपनीवर टाकून मूळ कंपनीला मोकळं केलं.

दरम्यान सगळी शक्ती गोदामातल्या त्या पोत्यांतल्या कचऱ्यावर खर्च झाली. अंकलेश्वरला पाठवायचं ठरलं, गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळच्या बोरखेडीला डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीत जाळायचा आदेश झाला, तेव्हा विदर्भात विरोध उठला आणि महाराष्ट्र सरकारनेही हात वर केले. जर्मनीला न्यायची बोलणी फिसकटली. आपल्या दारात नको, या म्हणण्याला दोष देता येत नाही. पण या वीस वर्षांच्या ओढाताणीत खड्ड्यांखालचं पाणी कुणाच्याच अजेंड्यावर राहिलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये वस्त्यांना स्वच्छ पाणी द्यायला सांगितलं. आधी टँकर आले, मग कोलार धरणाचं नळाचं पाणी. हा पर्यायी पाणीपुरवठा झाला, भूजलाची सफाई नव्हे. सुरुवातीला दूषित भूजलाच्या वस्त्या १४ मानल्या जात. लखनौच्या विषविज्ञान संस्थेच्या तपासण्यांनंतर त्या २२ झाल्या आणि २०१८ पर्यंत ४२.