मोटारी बंद, तरी डीपी का घुमते?

पलूसच्या बाजूला आमच्या उसाच्या बांधावर डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आहे. रात्री थ्री फेज लाईट आली की आधी तिचा घूं असा आवाज येतो. लहानपणी वाटायचं, पाण्याच्या मोटारींचा लोड ओढताना ती कण्हतेय. पण एकही मोटार चालू नसली, तरी ती घुमतच असते.

आत फिरणारा एकही भाग नाही. पोलादी गाभ्यावर दोन गुंडाळ्या, एकमेकींपासून अलग. एकीला ११ हजार व्होल्ट मिळाले की गाभ्यात सेकंदाला ५० आवर्तनांनी उलटसुलट चुंबकत्व खेळू लागतं आणि त्या बदलामुळे दुसऱ्या गुंडाळीत वीज उपजते. हे तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं. दुसरीत वेढे कमी, म्हणून दाब ४३३ व्होल्टवर उतरतो, पण करंट वाढतो. १०० केव्हीए क्षमतेच्या डीपीला पूर्ण लोडवर वरून सव्वापाच अँपिअर येतात, खाली १३३ जातात.

चुंबकत्व चढलं की पोलाद अगदी किंचित ताणतं, उतरलं की मूळपदावर येतं. एका आवर्तनात हे दोनदा होतं, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. तोच घूं. चुंबकत्वाची दिशा सारखी उलटवायला वीज खर्ची पडते. शिवाय पोलाद स्वतःही वीजवाहक, त्यामुळे त्याच्या अंगातच करंटचे भोवरे उठतात, कृष्णेला पूर आल्यावर पाण्यात उठतात तसे. ते मोडावेत म्हणून गाभा अखंड ठोकळ्याचा करत नाहीत. सिलिकॉन मिसळलेल्या पोलादाचे जेमतेम पाव ते एक तृतीयांश मिलिमीटर जाडीचे पत्रे, प्रत्येकावर वीजरोधक थर देऊन, एकावर एक रचतात. तरी थोडा तोटा उरतोच आणि लाईट असेपर्यंत तो चालूच राहतो.

गुंडाळीतला तोटा मात्र आपल्या हातात आहे, आणि मला खरं बोलायचंय ते याबद्दल. तारेतून करंट गेला की ती तापते आणि ही उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट दुप्पट, तर तोटा चौपट. आपल्याकडे बहुतेक मोटारींना ऑटो स्विच. लाईट आली की सगळ्या एकदम उठतात आणि उठताना प्रत्येक मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. त्यात डीपीवर मंजुरीपेक्षा जास्त मोटारी असल्या, तर गुंडाळ्या ज्यात बुडालेल्या असतात ते तेल रात्रभर तापत राहतं, गुंडाळीवरचा कागद भाजून ठिसूळ होतो आणि एक दिवस डीपी जळते. मग ऊस वाळतो.

दुसरं, कपॅसिटर, म्हणजे मोटारीला चुंबकत्वाचा करंट जागेवरच पुरवणारा डबा. मोटारीला चुंबकत्वासाठी लागणारा करंट पाणी उपसत नाही, पण कपॅसिटर नसेल तर तोही डीपीतूनच येतो आणि तार तापवतो. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या करंटपैकी खऱ्या कामाला लागणारा वाटा, ०.७० वरून ०.९५ वर गेला, तर तेवढ्याच कामाला करंट सुमारे २६ टक्के कमी लागतो आणि गुंडाळीतला तोटा जवळपास निम्म्यावर येतो.

गेल्या महिन्यात आमच्या साडेसात एचपीच्या स्टार्टरची पेटी उघडली, तर कपॅसिटरची वायर कधीची सुटलेली. वायरमनने ती जोडली. तारेभोवती अडकवून करंट मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरचा आकडा १२ अँपिअरवरून ९ वर आला. पाण्याची धार होती तेवढीच राहिली.