कॉन्डोच्या गराजमध्ये ईव्ही चार्जर: ऑन्टारियोत अर्ज नेमका कुठे अडतो

टोरांटो, मिसिसॉगा, ब्रॅम्प्टनच्या टॉवरमध्ये राहत असाल आणि इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार असेल, तर गाडी बुक करण्याआधी चार्जरची कागदपत्रं हातात घ्या. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर गाडी १२ ॲम्पियर ओढते, म्हणजे जेमतेम १.४ किलोवॅट. उन्हाळ्यात तेवढ्यावर भागतं. जानेवारीच्या गारठ्यात मात्र त्यातला बराच भाग बॅटरी उबदार ठेवण्यातच जातो आणि सकाळी गाडी जवळजवळ आहे तिथेच असते. म्हणून लेव्हल २ चार्जर, म्हणजे २०८ किंवा २४० व्होल्टवर चालणारा, हवा, आणि तो सामाईक मालकीच्या गराजमध्ये बसवायचा तर कॉन्डो कॉर्पोरेशनकडे, म्हणजे इमारतीतल्या सगळ्या फ्लॅटमालकांच्या संस्थेकडे, अर्ज करावा लागतो.

आपल्याकडे सोसायटीची एनओसी मागायची सवय असते. सेक्रेटरींना गाठायचं, दोनदा आठवण करायची, मग कधीतरी सही मिळते. इथे तसं करू नका. कॉन्डोमिनियम ॲक्टखालच्या नियम ४८/०१ मध्ये ईव्ही चार्जरसाठी वेगळी प्रक्रिया १ मे २०१८ पासून लागू आहे. कॉर्पोरेशनच्या बोर्डाने किती दिवसांत उत्तर द्यायचं आणि कोणत्या कारणांनी नाही म्हणायचं, हे तिथे ठरवून दिलेलं आहे. पण त्या नियमाचा फायदा अर्जाला मिळतो, विचारणेला नाही.

बहुतेकांची गाडी इथेच रुतते. मॅनेजरला ईमेल जातो, ‘आमच्या स्पॉटला चार्जर लावता येईल का?’ मॅनेजर ‘बोर्डाला विचारतो’ म्हणतो. तीन महिने जातात आणि मग हे लोक ६० दिवसांच्या मुदतीचा दाखला देऊन भांडायला जातात. मुदत सुरूच झालेली नसते! ६० दिवस मोजायचे ते कॉर्पोरेशनला अर्ज पोहोचला त्या दिवसापासून. अर्ज म्हणजे काय, तर लेखी, मालकाच्या सहीचा, मालकाचं नाव आणि पत्रव्यवहाराचा पत्ता असलेला, आणि काय बसवायचं त्याचे आराखडे व तपशील सोबत जोडलेला कागद. यातलं एक जरी नसलं तरी ‘तुमचा अर्ज अपूर्ण आहे’ म्हणायला समोरच्याला जागा मिळते, आणि ते म्हणतातच.

अर्ज मालकानेच करायचा. भाडेकरू असाल तर घरमालकाला तयार करा, दुसरा रस्ता नाही. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या घ्या. पुढे कॉर्पोरेशनशी होणारा करार मालमत्तेवर नोंदवायचा असतो, तेव्हा एकाच सहीवर काम अडतं. पार्किंगचीही शहानिशा करा. काही इमारतींत स्पॉट हे स्वतंत्र युनिट असतं, काहींत फक्त वापराचा हक्क असतो आणि काहींत बोर्ड स्पॉट वाटून देतं. शेजाऱ्याकडून महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या स्पॉटवर चार्जर मागायच्या भानगडीत पडू नका.

खांबावर रंगवलेला नंबर आणि कागदोपत्री नंबर हे बहुधा एक नसतात, हेही लक्षात असू द्या. खांबावर ‘पी२-११८’ असेल, खरेदीखतात ‘लेव्हल बी, युनिट ४७’. अर्जात खरेदीखतातला नंबर आधी लिहा आणि खांबावरचा सोबत द्या. इमारतीचं नावही पुरत नाही. मिसिसॉगातल्या टॉवरचं कायदेशीर नाव पील स्टँडर्ड कॉन्डोमिनियम कॉर्पोरेशन आणि पुढे क्रमांक, अशा थाटाचं असतं, टोरांटोत टोरांटो स्टँडर्ड. ते नाव आणि नोटीस स्वीकारण्याचा पत्ता कॉन्डोमिनियम अथॉरिटी ऑफ ऑन्टारियोच्या सार्वजनिक नोंदवहीत मिळतो. अर्ज त्याच पत्त्यावर पाठवा आणि पोचपावती ठेवा. खालच्या कॉन्सिएर्जच्या टेबलावर ठेवलेला लिफाफा कधी पोहोचला, हे पुढे कोणी सिद्ध करत बसत नाही.

आता तो कागद, जो कोणाकडेच नसतो: आराखडा. चार्जरच्या डब्यातलं माहितीपत्रक म्हणजे आराखडा नव्हे. परवानाधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून एक-दोन पानांचं रेखाचित्र करून घ्या. वीज कोणत्या पॅनेलमधून घेणार, ब्रेकर किती ॲम्पियरचा, कन्ड्युइट (वायरीची नळी) कोणत्या छतावरून जाणार, अंतर किती, वायर किती जाडीची, भिंतीला किंवा स्लॅबला भोक पाडायचं आहे का, चार्जर कोणत्या खांबावर, हे सगळं त्यात हवं.

आकड्यांत चूक झाली की इमारतीचा इंजिनिअर अर्ज परत पाठवतो. नेहमीची चूक व्होल्टेजची. स्वतंत्र घरात २४० व्होल्ट असतात; मोठ्या टॉवरमध्ये बहुधा तीन फेजची १२०/२०८ व्होल्टची व्यवस्था असते. ४० ॲम्पियरच्या ब्रेकरवर चार्जर सलग ३२ ॲम्पियरच घेऊ शकतो, कारण सलग चालणाऱ्या लोडला ब्रेकरच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. २४० व्होल्टवर ते ७.७ किलोवॅट होतात, २०८ वर ६.७. अर्जात ७.७ लिहिलं असेल तर कॉन्ट्रॅक्टरने पॅनेल उघडूनही पाहिलेलं नाही, हे तिथल्या तिथे उघड होतं.

दुसरी चूक अंतराची. ४० ॲम्पियरला ८ गेजची तांब्याची वायर चालते (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) म्हणून सरसकट तीच लिहितात. पण गराज लांबलचक असतात. पॅनेलपासून स्पॉट ६० मीटरवर असेल, तर ३२ ॲम्पियरला ८ गेजच्या वायरमध्ये साधारण ८ व्होल्ट पडतात, म्हणजे २०८ च्या जवळजवळ ४ टक्के. मर्यादा ३ टक्क्यांची आहे. ६ गेज घेतली की घट २.४ टक्क्यांवर येते. वायर महाग पडते, खरं आहे, पण कोटेशन आधीच खरं आलेलं बरं.

इमारतीत लोडला किती जागा शिल्लक आहे, हे ठरवायला इमारतीची सिंगल-लाइन ड्रॉइंग (वीजजोडणीचा नकाशा) आणि विजेच्या कमाल मागणीचे आकडे लागतात. ते कॉर्पोरेशनकडे असतात, तुमच्याकडे नाही. अर्जासाठी लागणारी माहिती आणि पाहणीसाठी प्रवेश त्यांनी द्यायचा असतो. मागणी लेखी करा, तारीख घाला. जागा कमी असेल तरी बात संपत नाही. लोड मॅनेजमेंटची यंत्रणा इमारतीची मागणी वाढली की चार्जरचा प्रवाह आपोआप कमी करते, आणि इलेक्ट्रिकल कोडला ती मान्य आहे. अर्जातच तिचा उल्लेख केलेला असला की ‘कॅपॅसिटी नाही’ हे ठरलेलं उत्तर द्यायला बोर्ड जरा बिचकतं.

नकार कधी देता येतो? बसवणी कायद्याच्या किंवा कोडच्या विरुद्ध असेल, इमारतीच्या बांधकामाला बाधा येत असेल, किंवा माणसांच्या सुरक्षिततेला गंभीर धोका अथवा मालमत्तेचं नुकसान संभवत असेल तरच; आणि तेही त्या विषयातल्या पात्र व्यक्तीच्या मताच्या आधारावर. त्या मताची प्रत मागून घ्या. ‘बाकीच्यांनीही मागितलं तर?’, ‘पुढच्या वर्षी सगळ्या इमारतीसाठी योजना आणतोय’, ‘लिथियम बॅटरीची भीती वाटते’ ही कारणं त्यात बसत नाहीत. बोर्ड जागा किंवा पद्धत बदलायला सांगू शकतं, मात्र त्यामुळे तुमच्यावर अवाजवी जादा खर्च पडता कामा नये. वाद मिटला नाही तर आधी मध्यस्थी, मग लवाद. तरी इमारतीची सामाईक योजना खरोखर कोटेशनपर्यंत आली असेल तर भांडत बसण्यापेक्षा तिच्यात शिरणं बऱ्याचदा स्वस्त पडतं.

६० दिवस उलटले आणि उत्तर आलं नाही, तर ते मंजुरी समजू नका. इथे फार जण फसतात: काम करून घेतात आणि मग स्वतःच्या खर्चाने काढून टाकतात.

मंजुरी आली की ९० दिवसांत करार करायचा. यातही गोंधळ होतो. हे ९० दिवस मंजुरीपासूनचे, अर्जापासूनचे नाहीत. चार्जर कोणाच्या मालकीचा, देखभाल, दुरुस्ती आणि विमा कोणाकडे, वीज कशी मोजणार, करार कधी संपणार, हे त्यात येतं. खर्च तुमचाच, विजेसकट. करार मालमत्तेवर नोंदला जातो आणि फ्लॅट विकला तर नव्या मालकालाही लागू राहतो. नोंदणीच्या आधी खांबाला ड्रिल लावू नका. विम्याचं कलम नीट वाचा आणि आपल्या विमा कंपनीला चार्जरची लेखी कल्पना द्या.

प्रत्यक्ष काम सोपं आहे. कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनवर ईसीआरए/ईएसएचा, म्हणजे ऑन्टारियोतल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचा, परवाना क्रमांक आहे ना पाहा. कामाची सूचना इलेक्ट्रिकल सेफ्टी ऑथॉरिटीकडे (ईएसए) त्यानेच भरायची. चार्जरवर कॅनडात मान्य असलेल्या प्रमाणनाची खूण हवी, उदाहरणार्थ सीएसए किंवा सीयूएल. भारतातून येताना बॅगेत आणलेला किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळालेला बिनखुणेचा चार्जर तपासणीत बसत नाही. प्लगऐवजी कायम वायर जोडलेला चार्जर घ्या. स्वस्त सॉकेट रोज कित्येक तासांच्या सलग ३२ ॲम्पियरला टिकत नाही, वितळतं. स्लॅबला भोक पाडायचं असेल तर आतल्या सळ्यांचं स्कॅनिंग आधी होऊ द्या, आणि कन्ड्युइट स्प्रिंकलरच्या पाइपला लटकवू देऊ नका. तपासणीचं प्रमाणपत्र आलं की एक प्रत मॅनेजरला, एक करारासोबत आपल्या फायलीत.

बिल वीज कंपनीकडून थेट तुमच्या नावावर येत असेल तर अल्ट्रा-लो ओव्हरनाइट दर निवडता येतो का विचारा. रात्री ११ ते सकाळी ७ हा त्याचा स्वस्त काळ. निवड आपोआप होत नाही, वेगळा फॉर्म भरावा लागतो. इमारतीचं मीटर एकच असेल तर हा पर्याय तुमच्या हातात नसतो.

हिवाळ्यात केबलचं टोक जमिनीवर टाकू नका. टायरबरोबर येणारं मिठाचं चिखलपाणी पिनांवर बसतं, पिना गंजतात, कनेक्टर तापतो आणि चार्जिंग मध्येच थांबतं. वसंतात गराज प्रेशरने धुवायची नोटीस लागली की त्या सकाळी ब्रेकर पाडा आणि केबल हूकवर उंच अडकवा.