दात काढल्यानंतरची मुखनिगा

दात किंवा दाढ काढल्यावर जबड्याच्या हाडात उरणारी खोबण नीट भरून यावी आणि रक्तस्राव, जंतुसंसर्ग, कोरडी खोबण (रक्ताची गुठळी न टिकल्याने खोबणीतील हाड उघडे पडणे) हे उपद्रव टळावेत, यासाठी घ्यावयाची काळजी. तिचा सारा रोख खोबणीत साकळलेली रक्ताची गुठळी जपण्यावर असतो. ही गुठळी उघड्या हाडाला झाकते आणि नवे ऊतक तिच्याच आधाराने वाढते. हिरडी काही आठवड्यांत मिटते. हाड भरायला मात्र कित्येक महिने लागतात.

जखमेवरील गॉझची घडी साधारण अर्धा तास दातांखाली घट्ट दाबून धरतात. ती वारंवार उचलून पाहिल्यास नुकतीच धरू लागलेली गुठळी घडीला चिकटून निघते. पहिल्या दिवशी थुंकी गुलाबी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. थोडेसे रक्तही लाळेत मिसळून पुष्कळ भासते. रक्त वाहतच राहिल्यास नवी ओलसर घडी पुन्हा तितकाच वेळ दाबावी, तरीही न थांबल्यास दंतवैद्याकडे जावे. पहिले 24 तास चूळ भरणे, जोराने थुंकणे, धूम्रपान व मद्यपान वर्ज्य असते. नंतर मिठाच्या कोमट पाण्याने, विशेषतः जेवणानंतर, हलक्या चुळा भराव्यात. बाकीचे दात नेहमीप्रमाणे घासावेत.

कोरड्या खोबणीचे वर्णन प्रथम क्रॉफर्ड यांनी 1896 मध्ये केले, असे सामान्यतः मानले जाते. यात बहुधा पहिल्या ते तिसऱ्या दिवसादरम्यान वेदना कमी होण्याऐवजी वाढते, कानाकडे चमक मारते, तोंडाला दुर्गंधी येते आणि खोबणीत उघडे हाड दिसते. साध्या दंतोत्पाटनानंतर याचे प्रमाण सुमारे 1 ते 5 टक्के आढळते; खालच्या रुतलेल्या अक्कलदाढेच्या बाबतीत काही पाहण्यांत ते 30 टक्क्यांपर्यंत गेले आहे. कारणाविषयी एकमत नाही. गुठळी मुळात धरतच नाही, असे एक जुने मत आहे. बिर्न यांनी 1973 मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार गुठळी धरते, पण इजा झालेल्या हाडातून सुटणारे पदार्थ प्लास्मिन हे एंझाइम कार्यान्वित करतात आणि त्यामुळे तिच्यातील फायब्रिन या तंतुमय प्रथिनाचे जाळे विरघळते. काही संशोधक ट्रेपोनेमा डेंटिकोलासारख्या जीवाणूंकडे बोट दाखवतात. वेदना लगेच न होता उशिरा का सुरू होते, याचा उलगडा बिर्न यांच्या उपपत्तीने अधिक चांगला होतो. अवघड शस्त्रक्रिया, धूम्रपान आणि तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या यांनी धोका वाढतो. नळीने पेय ओढू नये, हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याला प्रत्यक्ष पुरावा तोकडा असला, तरी तो पाळणे इष्ट. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळांनी किंवा जेलने धोका घटतो, असे चाचण्यांवरून दिसते. उपचारात खोबण हळुवार धुऊन औषधी पट्टी भरतात. हा मुख्यतः जंतुसंसर्ग नसल्याने केवळ प्रतिजैविकांवर विसंबणे योग्य नव्हे.

रक्त पातळ ठेवणारी औषधे रुग्णाने आपल्या मनाने बंद करू नयेत. हाडांच्या विकारांसाठी बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेणाऱ्यांत जबड्याचे हाड मृत होण्याचा दुर्मिळ धोका असतो. त्यांनी दात काढण्यापूर्वीच तसे सांगावे. ताप, वाढती सूज किंवा गिळताना अथवा श्वास घेताना त्रास होऊ लागल्यास तातडीने वैद्यकीय मदत घ्यावी.